प्रश्नांची वही ठेवणारे ग्रंथपाल

जगातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कुठल्या ना कुठल्या पुस्तकात लिहिलेले आहे, फक्त ते पुस्तक अद्याप आपल्या वाचनालयात आलेले नाही, अशी ठाम समजूत असलेला एकच माणूस मी आजवर पाहिला. ते आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहत आणि नाशकातल्या एका जुन्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. मी तेव्हा हायस्कुलात इंग्रजी शिकवीत असे. मी त्यांना काका म्हणे आणि ते, माझ्याहून चांगले अठरा वर्षांनी मोठे असूनही, मला मास्तर म्हणून अहोजाहो करीत. व्यवस्थितपणाचे त्यांना व्यसन होते असे म्हटले तर ते थोडे कमीच होईल. काकूंच्या फडताळातल्या एकूण एक डब्यावर त्यांनी क्रमांकाची चिठ्ठी डकवली होती. डाळी एका क्रमांकात, मसाले दुसऱ्यात, औषधे तिसऱ्यात. हिंगापाशी मात्र त्यांचे शास्त्र अडले, कारण हिंग मसाल्यातही बसतो आणि पोटदुखीवरही चालतो. दोन दिवस विचार करून त्यांनी हिंगाचा डबा मसाल्यांत ठेवला आणि औषधांच्या रांगेत एक रिकामा डबा ठेवून त्यावर 'हिंगासाठी मसाले पाहा' अशी चिठ्ठी लावली. काकूंच्या हाती फोडणीच्या ऐन वेळी नेमका तो रिकामा डबा येई. मग स्वयंपाकघरातून जे काही ऐकू येई त्याची नोंद काका करीत नसत.

नोंद करीत ते वाचनालयातल्या प्रश्नांची. पुस्तक कोणी नेले आणि कोणी आणले हे सगळीच वाचनालये लिहून ठेवतात. काका दारातून आत येणाऱ्या माणसाने काय विचारले ते लिहीत. जाड पुठ्ठ्याच्या वहीत, भरभर लिहिता यावे म्हणून मोडी लिपीत, सहा रकाने पाडलेले असत. तारीख, प्रश्न, विचारणाऱ्याचे नाव, धंदा, दिलेले उत्तर, आणि शेवटचा रकाना समाधान झाले की नाही याचा. या शेवटच्या रकान्यात ते कुणाची भीड ठेवत नसत. एकदा नामपूरकडचा एक शेतकरी कोर्टाच्या कामाला आला होता. तो पाटी वाचून सहज आत शिरला आणि दाराशीच उभा राहून म्हणाला, "मना कांदा सडी जास. येनं औषध पुस्तकमा लिखेल शे का?" काकांनी शेतकी खात्याची इंग्रजी पत्रके धुंडाळली, त्यांतला मजकूर मराठीत उतरवून त्याच्या हाती दिला, आणि समाधानाचा रकाना कोरा ठेवला. पुढल्या वर्षी तो माणूस पाठीवर कांद्याचे पोते घेऊन वाचनालयाच्या पायऱ्या चढला तेव्हा काकांनी आधी जुनी वही काढून त्या रकान्यात 'झाले' असे लिहिले आणि मग त्याला बसायला सांगितले. मालेगावच्या एका म्हाताऱ्या मोमीन विणकराने मक्केला बोटीने किती दिवस लागतात असे विचारले होते. काकांनी जहाज कंपन्यांची वेळापत्रके मुंबईहून मागवून त्याला हिशेब करून दिला. हाजी होऊन आल्यावर त्या म्हाताऱ्याने खजुराची पुडी आणून दिली आणि दोन दिवस जास्त लागल्याचेही सांगितले. काकांनी खजूर खाल्ले आणि दोन दिवसांची दुरुस्ती केली.

अशा एकोणीस वह्या झाल्या तेव्हा चौतीस-पस्तीस साल असावे. त्या सुमारास वाचनालयात येणाऱ्या एका इंग्रजी त्रैमासिकात काकांनी वाचले की अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ग्रंथालयाच्या शास्त्रात पीएच.डी. मिळते. मराठी शाळेतल्या पोराला पतंग सापडावा तसा चेहरा करून ते संध्याकाळी माझ्याकडे आले. वाचनालयात लोक काय विचारतात आणि काय विचारायचे टाळतात, यावर आपल्याला प्रबंध लिहायचा आहे, असे त्यांनी मला सांगितले. त्यांचे वय तेव्हा अठ्ठेचाळीस होते आणि बी.ए. होऊन त्यांना पंचवीस वर्षे झाली होती. मी हसलो नाही याबद्दल मला आजही बरे वाटते. इंग्रजी पत्रे तपासून द्यायचे मी कबूल केले.

तीन महिन्यांनी अर्जाचा छापील फॉर्म आला आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. वाचनालयाच्या पत्त्यावर आलेल्या प्रत्येक छापील कागदाला दाखल क्रमांक द्यायचा, पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि फक्त ग्रंथपालाला ठाऊक असलेल्या एका मधल्या पानावर गोल शिक्का मारायचा, असा काकांचा वीस वर्षांचा परिपाठ होता. त्या सकाळच्या टपालात फॉर्म होता. हाताने आपले काम केले आणि डोके नंतर जागे झाले. आता तो फॉर्म वाचनालयाची मालमत्ता झाला होता, आणि दाखल झालेली कोणतीही वस्तू समितीच्या ठरावाशिवाय दप्तरातून बाद करायची नाही हा नियम काकांनीच लिहिलेला होता. मी म्हटले, काका, चार पानांचा कागद आहे, घरी न्या आणि भरा. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी विषय बदलला. समितीच्या मासिक सभेत तो विषय रीतसर पुकारला गेला. कागदाला कसर लागली आहे काय, असे अध्यक्ष असलेल्या वकीलसाहेबांनी विचारले. काकांनी खाली मान घालून, "नाही, मला भरायचा आहे," असे सांगितले. ग्रंथपालांना अमेरिकेला जायचे आहे हे सबंध समितीला अशा रीतीने कळले. 'ग्रंथपालांच्या स्वतःच्या उपयोगास्तव बाद' असा ठराव एकमताने झाला, आणि त्यावर चहा झाला.

फॉर्म भरायला आम्हांला पाच रविवार लागले. जन्मतारखेच्या रकान्यात काकांनी दोन तारखा लिहिल्या, कारण मॅट्रिकचा दाखला आणि पत्रिका यांत अकरा महिन्यांचे अंतर होते आणि कोणता आधार अधिक विश्वसनीय हे वाचणाऱ्यानेच ठरवावे असे त्यांचे मत पडले. दोन जाणत्या माणसांची शिफारसपत्रे हवी होती. एक वकीलसाहेबांनी दिले. दुसऱ्यासाठी मी आमचे हेडमास्तर सुचवले, पण काकांनी पंचवटीतल्या एका पेन्शनर मामलेदारांना गाठले, कारण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर काकांना तीन वर्षांत देता आलेले नव्हते. "ज्यांचं काम झालं ते चांगलंच लिहिणार, मास्तर. ज्यांचं अडलंय त्यांनी लिहायला हवं," असे म्हणून त्यांनी मला गप्प केले. मामलेदारांनी दोन पाने भरून तक्रार लिहिली. हा गृहस्थ तीन वर्षे दर महिन्याला घरी येऊन अजून सापडले नाही असे सांगून जातो, अशी ती तक्रार होती. काकांनी ती जशीच्या तशी पाठवली. मी मनात म्हटले, आटोपले.

पण आटोपले नाही. चार महिन्यांनी खुद्द प्राध्यापकांच्या सहीचे पत्र आले. मामलेदारांचे पत्र आपण दोनदा वाचले असे त्यांनी लिहिले होते. लोकांच्या प्रश्नांची अशी नोंद आपल्या पाहण्यात कुठेही नाही, विद्यापीठ शिष्यवृत्तीसह प्रवेश देण्यास तयार आहे, फक्त तत्पूर्वी मूळ वह्या, नावे आणि धंदे यांसह, तिथल्या समितीच्या पाहणीसाठी पाठवाव्यात, एवढीच अट होती. काकांनी ते पत्र मला तीन वेळा मोठ्याने वाचायला लावले. काकूंनी लोकरीचे मोजे विणायला घेतले. काका बोलायला थांबत नव्हते, आणि पंचवीस वर्षे एका टेबलामागे बसलेल्या माणसाच्या अंगात इतका आनंद कुठे दडून बसला होता याचे मला नवल वाटले.

वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी वह्या मेणकापडात बांधून लाखेचा शिक्का करायचा ठरला होता. पत्ता माझ्या अक्षरात घालायचा होता म्हणून मी दुपारी तीनला गेलो. मेणकापडाची गुंडाळी तशीच पडली होती. काका सकाळपासून वह्या वाचत बसले होते. मला पाहून ते म्हणाले, "मास्तर, हे पाठवता यायचं नाही."

मला राग आला. मी म्हटले, सात समुद्रांपलीकडे नाशिकच्या माणसाला कोण ओळखतो, आणि मोडी तरी कोणाला येते. विद्यापीठवाले कुणाकडून तरी वाचून घेतीलच, त्यासाठीच तर मागवताहेत, असे काका म्हणाले. नावे गाळून नक्कल पाठवा, असे मी सुचवले. तसेही त्यांनी पाहिले होते. सकाळपासून दोन पानांची नक्कल केली होती, आणि धंदा, गाव आणि प्रश्न एवढ्यावरूनही माणूस समोर येऊन उभा राहत होता. मी तरीही हट्ट सोडला नाही. आयुष्यात एकदाच येणारी संधी, लोकांना कळणारही नाही, असे बरेच बोललो. मग त्यांनी अकरावी वही काढली, एक पान उघडले आणि माझ्यासमोर सरकवले.

'क्षय झालेल्या माणसाच्या खोलीत रोज बसल्यास तो रोग लागतो काय. विचारणारे, हायस्कुलातले मास्तर. मित्रासाठी विचारतात. उत्तर, पुस्तक दिले. समाधान, नाही.'

तो मित्र वगैरे कोणी नव्हता. माझा थोरला भाऊ त्या वर्षी आमच्या मागच्या खोलीत पडून होता. त्याने मला बोटाला धरून शाळेत नेले होते, माझ्या फीसाठी आपले शिक्षण सोडले होते, आणि मी महिनाभर उंबऱ्यात उभा राहून त्याची चौकशी करीत होतो. पुस्तक वाचूनही मी आत गेलो नाही. सारी गल्ली जाणत होती आणि काकाही जाणत होते, तरी त्यांनी मी सांगितले तेच लिहिले होते. त्यानंतर काका रोज संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन आमच्याकडे येत आणि दादाच्या खाटेशी बसून त्याला वाचून दाखवीत. शेजारधर्म म्हणून येतात असे मी समजत होतो. दादा मार्गशीर्षात गेला. मला त्या पानाकडे बघवेना.

"हे पाठवू?" काकांनी विचारले. त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती, त्यांना खरोखरच माझी परवानगी हवी होती.

मी नको म्हणालो.

त्यांनी वही मिटली आणि एकोणीसच्या एकोणीस कपाटात लावून टाकल्या. नकाराचे पत्र मीच लिहून दिले. प्राध्यापकांचे सभ्य उत्तर आले की जागा वर्षभर राखून ठेवू. ते वर्ष गेले. त्यानंतर काकांनी त्या विद्यापीठाचे नाव कधी काढल्याचे मला आठवत नाही, मात्र ते त्रैमासिक आले की ते पाकीट फोडायला थोडा उशीर करीत.

त्या दिवशी वाचनालयाला कुलूप घालून आम्ही दोघे गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर गेलो. ऊन उतरले होते, बायका धुणी आवरून पायऱ्या चढत होत्या. शेवटी इतकी वर्षे जे कोणालाच विचारले नव्हते ते मी काकांना विचारले. मी आत का येत नाही हे दादाला कळत होते का.

पाण्याकडे बघत काका म्हणाले, "कळत होतं. संध्याकाळी तुमची चप्पल वाजली की ते मला वाचन थांबवायला सांगायचे. तुम्ही उंबऱ्यात येऊन बोलून जाईपर्यंत. तुम्ही गेलात की म्हणायचे, हं, आला तो घरी, आता वाचा पुढं."

मी रडलो. काका बाजूला बसून होते.