बिनसरकारीचं स्टेज

सगळे त्याला बिनसरकारी म्हणायचे, आणि त्याला त्याचा राग नव्हता. उलट मिशीतल्या मिशीत हसायचा. धंदा सभांना स्टेज, खुर्च्या आणि माईक भाड्याने द्यायचा. म्हणजे बघा, ज्या पुढाऱ्यांच्या नावाने हा दिवसभर बोटं मोडणार, त्यांनाच संध्याकाळी उभं राहायला फळ्या ठोकून देणार! कोणी टोकलं की म्हणायचा, "मी भाडं घेतो, फळ्या देतो. दोघंही राजीखुशीने. राजकारणात एवढा एकच प्रामाणिक व्यवहार उरलाय."

नगरपालिकेचं नाव काढलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दुकानाची पाटी किती लांब असावी हे ते सांगणार, आणि दुकानासमोरचा खड्डा ह्याने पदरची खडी टाकून बुजवला तर 'विनापरवाना बुजवला' म्हणून नोटीस पाठवणार. देशाच्या राजकारणाबद्दल तर त्याचं मत ठरलेलंच होतं. "दोन्ही पक्ष भांडतात ते बस कोणी चालवायची म्हणून. अरे, मला ह्या बसमध्ये बसायचंय का, ते विचाराल की नाही?"

आणि ह्या माणसाची एकुलती एक मुलगी त्यातल्याच एका पक्षात गेली. घ्या!

ती औषधाच्या दुकानात कामाला होती, बोलायला बापाला भारी. "गल्लीत दिवे कोणीतरी लावायला हवेत ना, बाबा?" "लोक लावतील." "लोक म्हणजे कोण? मीच की!" ह्यावर तो नुसता आवाज चढवायचा. दोन वर्षं जेवताना त्याचा एकच धोशा, "उतर त्या लोकांच्या स्टेजवरून. ती तुझी जागा नव्हे." शेवटी तिने ऐकणंच सोडून दिलं. आता नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. राजधानीहून येणारे मोठे साहेब आजच्या सभेत तिची उमेदवारी जाहीर करणार होते, आणि स्टेज होतं बिनसरकारीचं.

बांधलं होतं पंचवीस माणसांसाठी. साहेब यायच्या आधीच वर साठेक चढले होते. साहेबांच्या फोटोत निदान आपला कान तरी यावा म्हणून जो तो पुढे घुसत होता, आणि नवख्यांना मागे रेटत होता. मुलगी त्यामुळे पार मागच्या डाव्या कोपऱ्यात गेली होती. नेमक्या त्याच कोपऱ्याखाली नगरपालिकेने पाइपासाठी खणून माती नुसती लोटून दिली होती. स्टेज चार हात सरकवू द्या म्हणून त्याने आदल्या दिवशी विनवलं होतं, पण परवानगी त्याच जागेची होती. मग त्याने टेकूखाली जाड फळी घातली आणि स्वतःची समजूत काढली. आता स्टेजभोवतीची कापडी कनात उचलून बघतो, तर ती फळी त्याच्या डोळ्यांदेखत मातीत चालली होती.

पक्षाचे शहराध्यक्ष पायऱ्यांपाशी हार मोजत उभे होते. त्याने त्यांना गाठलं. "निम्मी माणसं खाली घ्या. कोपरा खचतोय."

"पाच खात्यांच्या सह्या आहेत," अध्यक्ष म्हणाले. "नगरपालिकेचा इन्स्पेक्टर स्वतः बघून गेलाय."

"इन्स्पेक्टर चहा पिऊन गेला हो! एकदा तरी खाली वाकला का?"

"तुझं नेहमीचं पुराण आज नको," म्हणून अध्यक्षांनी पाठ फिरवली.

तो धावत मागे गेला आणि मुलीला हाक मारली. "अगं, खाली उतर."

तिने मान वळवली नाही. "बाबा, आज तरी नको ना."

"स्टेज खचतंय, खरंच सांगतो."

"तुमचं दर वेळी काहीतरी असतंच," ती म्हणाली.

माईकची वायर उपटावी? तर काय झालं म्हणून मैदानातली गर्दी पुढे लोटली असती. तिला हाताला धरून ओढावं? हात उचललाही त्याने. पण घोड्याएवढी झालेली पोर, तिच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस! जबरदस्तीला जन्मभर शिव्या घातलेला माणूस तो. उचललेला हात तसाच खाली आला. वर कुठेतरी करकरलं. मग तो कनात उचलून सरळ स्टेजखाली शिरला आणि कोपऱ्यातल्या टेकूला खांदा लावून बसला.

खांद्यावर असं काही वजन आलं की कळ मस्तकात गेली आणि तोंडातून "आई गं" निघालं. फळ्यांच्या फटीतून मुलीच्या चपला दिसत होत्या. त्या चपला थबकल्या. मग ती वाकली, आणि फटीतून तिचा डोळा त्याच्या टकलावर आला.

चपला दिसेनाशा झाल्या, वर रेटारेटी ऐकू आली, आणि मग माईकवर तिचा आवाज आला, "साहेबांची गाडी मागच्या फाटकाने येतेय! स्वागताला तिकडे चला!"

झालं! आपल्याआधी दुसऱ्याने हार घातला तर? सगळे पलीकडच्या पायऱ्यांनी धडाधड उतरून मागच्या फाटकाकडे पळाले. खांद्यावरचा भार हलका होत गेला आणि त्याला श्वास घेता आला.

सगळ्यांत शेवटी उतरून ती आत शिरली, पांढरीफटक. "वेड लागलंय का तुम्हाला? मला नीट सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं की. अध्यक्षांनाही सांगितलं."

"असं नव्हे, बाबा!"

"दोन वर्षं रोज उठून 'उतर, उतर' म्हटलं," तो धापा टाकत म्हणाला. "आज खरोखर उतरवायचं होतं, तर माझ्या शब्दाला किंमतच उरली नव्हती. काय करणार होतो मी?"

बाहेर अध्यक्ष ओरडत होते, "मागच्या फाटकाला तर कुलूप आहे! माईकवर कोण ती शहाणी? तिला आज पक्षातून काढतो!"

"उमेदवारी गेली," ती म्हणाली. दोन वर्षं तो हेच ऐकायची वाट बघत होता.

"माझं नाव सांग," तो घाईघाईने म्हणाला. "म्हणावं, बापाने बोलायला लावलं. नाहीतरी मला शिव्या खायची सवय आहे."

"तुम्ही कुठे लावलंत? माईक माझ्या हातात होता." तिने डोळे पुसले आणि कनात उचलली. तिला थांबवावं असं त्याला फार वाटलं, पण तो तिला थांबवू शकला नाही.

"मीच सांगितलं माईकवरून," तिचा आवाज बाहेरून स्पष्ट ऐकू आला. "स्टेज खचत होतं. तुम्ही ऐकत नव्हतात, आणि मीही ऐकलं नव्हतं."