लाल दिव्यामागे

जर्मनीत युरो नुकता आला होता, त्या हिवाळ्यातली गोष्ट. बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून नदीकाठाने डांबरी सायकलरस्ता केला होता. सकाळच्या काळोखात मी त्याच रस्त्याने सायकलवरून युनिव्हर्सिटीत जायचे.

जुन्या स्टेशनापाशी एक म्हातारे जर्मन गृहस्थ सायकल धरून उभे असायचे. सुप्रभात म्हणताना अर्धा शब्द गिळत नुसतं "मोर्गन" म्हणायचे आणि मी पुढे गेले की निघायचे. मी वेग वाढवला की त्यांच्या चेनची करकर वाढायची, मी हळू झाले की तीही मंदावायची. पुढे म्हणून कधी जायचे नाहीत. त्या करकरीची मी धास्तीच घेतली होती.

एकदा बोगद्यात मी उतरले आणि वळून विचारलं, "तुम्ही रोज माझ्या मागे का येता?"

त्यांचं चाक माझ्या मडगार्डवर आपटलं. हाताने चाचपत त्यांनी माझं कॅरियर धरलं.

"आल्झो, म्हणजे असं बघा, डोळ्यांचं आता काही खरं नाही. अंधारात तुमचा लाल दिवा तेवढा दिसतो. पुढच्या गावातून ताजे पाव आणायचे असतात. येताना उजाडतं, तेव्हा जमतं. बायकोला सांगितलंय, एक बाई सोबत असतात, काळजी करू नकोस." मग टोपी सारखी करत म्हणाले, "तुम्हाला विचारायचं मात्र राहिलं."

मी मागचा लाल दिवा रुमालाने पुसला आणि सायकलवर बसले. 

बोगद्यापुढच्या वळणावर कठडा तुटलेला होता आणि खाली नदी. त्यानंतर रोज तिथे आले की मी "लिंक्स!" म्हणजे डावीकडे, असं ओरडायचे, आणि ती करकर माझ्यामागे वळेपर्यंत श्वास रोखून धरायचे.