तलासरीचा डबा, डहाणूची धार

शनिवारी पहाटे पुणं सोडलं तेव्हा माझ्या पिशवीत दोन कुर्ते, एक बऱ्यातली साडी आणि तीन फुटके डबे होते. साडी आईनं कोंबली. समुद्राकाठी चालली आहेस तर एखादा फोटो तरी काढ, असं तिचं म्हणणं. डबे मी कोंबले. मोटारीच्या डॅशबोर्डमागे एअरबॅग घडी घालून जिथं ठेवतात, ते तिचं घर म्हणजे हा डबा. आजवर तो पोलादी पत्र्याचा असायचा. मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी चार वर्षं खपून तो काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचा केला. हातात घेतला की लोक आधी वर-खाली करून बघतात, इतका हलका. स्वस्तही. आधीच्या सगळ्या चाचण्यांत तो टिकला. गेल्या आठवड्यात मात्र थंडगार गोठवून बॅग उडवली आणि तिन्ही डबे एकाच कोपऱ्यात चिरले.

आमच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, "सोमवारी चार वाजता बैठक. कारण सापडलं नाही तर पत्र्यावर परत."

पत्रा म्हणजे वजन आणि खर्च. मग आमच्या छोट्या मालवाहू टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटला एअरबॅग बसणार नव्हती. असं कुणी उघड बोलत नव्हतं, पण मला सगळ्यांचे चेहरे वाचता येतात. मी म्हटलं, डबे जिथं तयार होतात तिथं जाऊन बघते. साहेब म्हणाले, फोनवर विचार की. फोनवर प्लास्टिकचा कोपरा दिसत नाही, असं मी म्हटलं आणि तिकीट काढलं. माझा स्वभाव असा आहे, ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे.

मुंबईत गाडी बदलून साडेअकराला डहाणू रोडला उतरले. स्टेशनबाहेर चिकूचे ढीग, चिकूच्या वाळवलेल्या चकत्यांची पाकिटं आणि जीपवाल्यांचा गलका. "तलासरी?" असं विचारल्यावर एकानं मान हलवली आणि मी पुढच्या सीटवर चढले. आशागड मागे पडलं, शेतं संपून साग लागला, आणि हायवेच्या तोंडाशी चारोटीला कळलं की ही जीप कासाला चालली आहे.

"मान कशाला हलवलीत मग?"

"तुम्ही विचारलंत ना, तलासरी माहीत आहे का," तो म्हणाला. मी तसं मुळीच विचारलं नव्हतं. पण भांडायला वेळ नव्हता.

हायवेवर हात करून करून दमले तेव्हा एक भाजीचा टेम्पो थांबला. मागे रिकामे क्रेट. पुढे ड्रायव्हर, आणि शेजारी मांडीवर लहान मुलगी घेऊन बसलेली त्याची बायको. तिनं सरकून मला जागा केली. दोघांच्या सीटवर आम्ही चौघं. टेम्पो आमच्याच कंपनीचा, जुना. समोरच्या डॅशबोर्डवर देवाचा फोटो आणि प्लास्टिकची फुलं चिकटवलेली. उजवीकडून कंटेनर असे सुसाट जात होते की आमचा टेम्पो हलायचा. ती मुलगी डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकून पुढं बघत उभी राहायला धडपडत होती.

"इथं मागे फुगा असतो ना हो, नव्या गाड्यांत?" बायकोनं मला विचारलं. मी काय काम करते ते तिला सांगून झालं होतं.

"असतो. पण तो असला तरी लेकराला असं पुढं घ्यायचं नाही. मागच्या सीटवर बसवायचं."

"मागे तर क्रेट आहेत," ती हसून म्हणाली.

इतकी वर्षं मी डब्याचे ग्रॅम मोजत होते. त्या सीटवर कोण बसतं, ते मात्र पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होते. मला स्वतःचा राग आला.

तलासरीला कारखान्याचे मालक हसमुखभाई गेटवरच उभे होते. साठीचे, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती. "बेसो बेसो (बसा बसा), पहिलं जेवण," असं म्हणत त्यांनी पान मांडलंच. थंडीचे दिवस, त्यामुळे उंबाडियुं होतं (वालपापडी, कोनफळ आणि रताळी मडक्यात तोंड बंद करून भाजतात ते). मडक्याचा धुरकट वास आणि हिरव्या मसाल्याचा ठसका. एवढं चविष्ट जेवण मी इतक्या वाईट मनःस्थितीत कधी खाल्लं नसेल.

मग बाह्या सरसावून कामाला लागले. माझा पहिला संशय ओलाव्यावर. नायलॉन हवेतलं पाणी पितं, आणि त्याचे दाणे ओले असताना वितळवून ओतले तर डबा कच्चा निघतो. पण दाणे वाळवायचं यंत्र ठीक होतं, नोंदी ठीक होत्या. मग तापमान, दाब, साचा थंड व्हायचा वेळ. सगळं जिथल्या तिथं. दुपारचे साडेतीन वाजले आणि माझ्याकडचे संशय संपले. हसमुखभाई माझ्याकडे बघेनात. त्यांच्या कारखान्यातलं निम्मं काम या एका डब्यावर उभं होतं. पत्र्यावर परत गेलं तर इथली मशीनं थांबणार, ते त्यांनाही माहीत होतं.

मशीनपाशी जानकी नावाची कामगार बाई बसते. जवळच्याच पाड्यावरची, चाळिशीची. साच्यातून गरम डबा निघाला की ती तो हातात घेते, कडा पुसते आणि आत बोट फिरवून बघते. मी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. तिनं हातातला डबा पुसून बाजूला ठेवला. मग माझ्या फुटक्या डब्यांपैकी एक उचलून तिनं चिरलेल्या कोपऱ्यात नख घातलं.

"मॅडम, इथं आता नख अडकतं."

"आता म्हणजे?"

"आधी बोट गुळगुळीत फिरायचं. साच्यात नवा तुकडा बसवला तेव्हापासून अडकतं."

मी उठून उभीच राहिले. "कसला नवा तुकडा?"

हसमुखभाईंनी घसा साफ केला. साच्यातला तो कोपरा घडवणारा पोलादाचा तुकडा पावसाळ्यात तुटला होता. वापीला पाठवला तर तीन आठवडे गेले असते, म्हणून त्यांनी तो डहाणूच्या एका काकांकडून हातानं करून घेतला. आम्हाला कळवलं नाही. "बेन (ताई), तुम्ही उगाच घाबरला असता."

मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगते, की हसमुखभाईंचं मराठी त्या दहा मिनिटांत "चूक झाली" एवढंच उरलं होतं. माझा आवाज थांबल्यावर त्यांनी स्वतः पाना हातात घेतला आणि संध्याकाळपर्यंत साचा उघडून तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. आगपेटीएवढा. त्याची कड इतकी स्वच्छ, की बघत राहावं. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. तुकड्याची कड धारदार असली की डब्याच्या आतला कोपराही काटकोनात, टोकदार निघतो. बॅग उडताना सगळा दणका त्या रेषेवर येतो, आणि चीर तिथूनच सुरू होते. माझ्या आराखड्यात ती कड गोल होती.

रविवारी सकाळी हसमुखभाईंच्या गाडीतून कोसबाडच्या अलीकडे काकांच्या वाडीत गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूची झाडं, खाली जमिनीवर सावलीच सावली. ओटीवर खिडकीशी एक लाकडी ठोकळा, कानशी, छिन्न्या आणि भिंग. या किनाऱ्यावर घरोघरी दागिन्यांचे साचे हातानं कोरायचं काम चालतं. सोन्याचा पातळ पत्रा साच्यावर दाबला की त्यावर फूल नाहीतर पान उठतं. काका ते काम चाळीस वर्षं करत होते. वाडीही तेच बघत.

मी तुकडा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी लगेच ओळखला. "माझाच. काय झालं, धार गेली?"

"नाही काका. धार आहे, हेच झालंय."

त्यांना कळेना. मी विचारलं, हा करताना नमुना कुठला होता? ते म्हणाले, जुना तुटका तुकडाच दिला होता. "त्याची कड पार बोथट झालेली. घासून घासून गेलेली असणार. मी म्हटलं, लोक काय वस्तू वापरतात, काळजीच नाही. मी नीट जिवंत धार काढून दिली. दागिन्याच्या साच्याची धार मेली की फूल उठत नाही. बोथट काम मी या ओटीवरून कधी खाली जाऊ दिलेलं नाही."

ती गोलाई झिजेची नव्हती. ती आम्ही सहा महिने भांडून ठरवली होती. पण ते त्यांना कोण सांगणार? आराखडा गुप्त म्हणून हसमुखभाईंच्या कपाटात कुलपात होता, आणि तसं कुलपात ठेवायचं बंधन मीच घातलं होतं. काकांना एवढंच सांगितलं होतं, की गाडीचा पार्ट आहे.

मी पिशवीतून फुटका डबा काढून दिला. त्यांनी भिंग लावून चीर पाहिली, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मग भिंग खाली ठेवलं.

"यात माणूस होता?"

"नाही. चाचणी होती."

ते पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, रागावले. हसमुखभाई बुटांकडे बघत राहिले. परत आले तेव्हा काकांचा चेहरा धुतलेला होता. त्यांनी नुसतं विचारलं, "किती बोथट करू?"

मी माप सांगितलं, दीड मिलिमीटरची गोलाई. त्यांनी आधी पितळेच्या पट्टीत तेवढा अर्धगोल कापून ताडून बघायचं साधन केलं आणि मग तुकड्याला कानस लावली. पहिल्यांदा हात थांबला. दाराशी उभ्या काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं धार काढतायत. घालवायची कशी ते कुठं येतंय त्यांना." काका हसले नाहीत, पण हात चालू झाला. दर चार फेऱ्यांनी पट्टी लावून उजेडाकडे धरायचे. दोन तासांनी त्यांनी तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "नख फिरवा." नख अडकलं नाही.

दुपारी तलासरीत तुकडा बसवून साचा पुन्हा मिटला आणि मशीन सुरू झालं. रविवार असूनही जानकी आली होती. साचा नीट तापेपर्यंतचे पहिले डबे फेकले, मग पुढचे तिनं एकेक करून बोट फिरवून मला दिले. समुद्र मी लांबूनही पाहिला नाही. साडीची घडी तशीच राहिली. संध्याकाळच्या गाडीत खिडकीशी बसून मी डब्यांची पिशवी मांडीवर धरून ठेवली, आणि पुण्यात पोचताच डबे गोठवायला लावले.

सोमवारी दोन वाजता बॅग उडाली. एक डबा, दुसरा, तिसरा. मी तिन्हींच्या कोपऱ्यात नख फिरवलं. चीर नव्हती. चार वाजता साहेब बैठकीत म्हणाले, नायलॉनच ठेवू, टेम्पोलाही. मी बाहेर येऊन काकांना फोन केला. "टिकलं," म्हटलं. पलीकडे कानस खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मला आधी सांगितलं असतं तर."

एवढंच. तक्रार नव्हती त्यांच्या आवाजात, आणि तेच मला लागलं. प्रवासात मी गुन्हेगार शोधायला निघाले होते. वाटेत जीपवाल्यावर चिडले, हसमुखभाईंवर तोंड टाकलं. आणि वाडीतल्या त्या ओटीवर एका माणसानं आपलं काम जीव ओतून केलं होतं, फक्त ते कशासाठी आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते न सांगणारी मी होते.

मंगळवारी मी आराखडा उघडला आणि त्या कडेशी बाण काढून एक ओळ लिहिली. तपासणाऱ्यानं ती लाल केली. आराखड्यावर मराठी चालत नाही, मापं दिली की पुरे, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, माप कपाटातही होतं. आमची अर्धा तास बाचाबाची झाली आणि शेवटी त्यानं हात टेकले. आता त्या आराखड्याची प्रत कारखान्यात, मशीनपाशी आणि काकांच्या ओटीवरही आहे. ओळ अशी आहे: ही कड मुद्दाम गोल आहे, धार काढू नका, हिच्यासमोर माणूस बसतो.