पिवळ्या रजईवरची कमेंट

आधी शकीला आपांचं नाव लिहिते, मग काय घडलं ते. नाहीतर तुम्ही सगळे त्या कमेंटचंच बोलत बसाल आणि माणूस राहून जाईल. जयपूरच्या चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, एका रजईच्या दुकानात आपा कितीतरी वर्षं टाके घालतात. माझी नोकरी त्यांच्यामुळे टिकली... आणि एका बाळाचं काय झालं असतं, ते मनातही आणवत नाही.

मी असलं काही मानणारी नाही. माहेरी, भुसावळकडे, कुणी भुताखेताचं काढलं की मी उठून भांडी घासायला जायचे. सातवीत शाळा सुटली. मिस्टर रेल्वेत, त्यांची बदली झाली म्हणून आता इथे जयपूरला, जगतपुऱ्यात राहतो. दुकानात माझं काम मोबाईलवरचं. गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं द्यायची आणि लाइव्ह चालू असलं की आलेल्या कमेंट मोठ्याने वाचायच्या. मालकीणबाई, म्हणजे भाभीजी, कॅमेऱ्यासमोर रजया उलगडतात, मी वाचते, त्या उत्तर देतात. माझं वाचन एकेक अक्षर लावत चालतं. भाभीजी हसतात, "आ गई हमारी मालगाड़ी!"

नेहमीची उत्तरं फोनमध्ये तयार असतात, बोट लावलं की जातात. त्यातच माझा घोळ झाला होता. एका बाईंनी लिहिलं, आई वारली, ऑर्डर रद्द करा. मी घाईत भलतीकडे बोट लावलं आणि गेलं — "बधाई हो! आपका ऑर्डर कन्फर्म है." भाभीजी म्हणाल्या, आता एक जरी चूक झाली तर घरी बस. तेव्हापासून प्रत्येक उत्तर दोनदा वाचूनच बोट लावायचे.

तर... नोव्हेंबरातली दुपार, तीनचा सुमार. लाइव्हवर दोनेकशे लोक. गादीवर एक आजीबाई बसलेल्या, नातवाची पिवळी रजई न्यायला. पिशवीत भरून तयारच होती. इकडे "और रंग दिखाइए", "घर पे धुल जाएगी क्या" असं चाललेलं. त्यात एक कमेंट आली, चक्क मराठीत —

"ताई, बाळाची पिवळी रजई देऊ नकोस. कोपऱ्यात सुई आहे."

मी वाचली. मोठ्याने. तेच तर माझं काम!

"क्या बोली? हिंदी में बोल," भाभीजी म्हणाल्या. मी हिंदीत सांगितलं... आणि मग कळलं, आपण हे दोनशे लोकांसमोर बोललो. भाभीजींनी कॅमेऱ्यावर हात ठेवला. "किसने लिखा? दिखा!" मी फोन चाळतेय, कमेंट सापडेना. आजीबाई उठून उभ्या राहिल्या.

आमच्याकडे पद्धत आहे. सकाळी आपा सात सुया मोजून घेतात, संध्याकाळी सात मोजून परत देतात. भाभीजींनी वही दाखवली, रोजचा आकडा पुरा. आपांनी नुसतं "हो, पुऱ्या होत्या" म्हटलं असतं तरी मी घरी बसले असते. आवाज ऐकून त्या आतून आल्या. मला एवढंच विचारलं, "तूने पढ़ा था?"

"हो... हाँ, आपा."

"तो खोलते हैं."

"पागल हुई हो?" भाभीजी म्हणाल्या. "तुम्हारे ही टाँके हैं!"

"मेरे हैं, तभी तो मैं खोलूँगी."

तीन कोपरे उसवले. कापूस, नुसता कापूस. माझ्या कानात भाभीजींचं ते "घरी बस". चौथ्या कोपऱ्यात आपांचं बोट थांबलं. सुई... अर्धी, मोडलेली, टोक वर. आजीबाई वाकून ती बघायला लागल्या.

आपांच्या सातही सुया धड होत्या. ही कापसातून आली असणार, पिंजणाऱ्याकडून. पण आपांनी कापसाचं नावच काढलं नाही. भाभीजींचा हात बाजूला करून त्या कॅमेऱ्यात म्हणाल्या, "ग़लती मेरी है, दुकान की नहीं."

दुसऱ्या दिवशी भाभीजींनी आणि मी त्या लाइव्हच्या सगळ्या कमेंट तीनदा चाळल्या. मराठीत एकही नाही. मिस्टर म्हणतात, लिहिणाऱ्याने पुसली असेल. असेलही. पण पिवळी रजई लाइव्हवर दाखवलीच नव्हती हो! आणि रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज आहे. ते वाक्य मी सरळ, एका दमात वाचलंय. कुठेही न अडता. मला तसं वाचताच येत नाही. काय होतं ते, खरंच सांगता येत नाही मला.

माझी नोकरी राहिली. आपांकडून मात्र बाळांच्या रजया काढून घेतल्या, आता त्या नुसत्या खोळींच्या कडा शिवतात. भाभीजींना दोनदा सांगून पाहिलं, त्या म्हणतात, "सबके सामने मान लिया न उन्होंने." मी रडले तर आपाच मला म्हणाल्या, "बच्चा चैन से सो रहा है ना? बस."

बस कसं, आपा? एक दिवस मी तुमच्या नावाचं पेज काढीन. वर तुमचं नाव, खाली तुम्ही शिवलेल्या बाळांच्या रजया. कधी जमेल माहीत नाही, पण इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतेय, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.