अर्धा तास रेडिओ बंद

"दाजी, चावी सोडलीत."

"मी? मी कशाला सोडू?"

"मग हा दिवा परत पहिल्यासारखा का लागला?"

"दिव्याला विचार ना. मला काय विचारतेस?"

"तुम्ही त्या सुताराची गोष्ट सांगत होतात. आरसा केवढा होता ते दाखवायला हात वर केलात. दोन्ही."

"आरसा मोठा होता, बाई. एका हातात कसा मावेल?"

मेव्हणीने पाना फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला, म्हणजे आता ती भांडायला मोकळी झाली. पिकअपच्या उघड्या बॉनेटपलीकडे तिचं फक्त कपाळ दिसत होतं, पण त्या एका कपाळावर अख्खा चेहरा मावेल एवढ्या आठ्या होत्या.

"आता पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली. "आणि या वेळी तोंड बंद. तुमचं तोंड सुरू झालं की हात सुरू होतात."

स्टिअरिंगमागे बसलेला तो काचवाला. खिडक्यांची तावदानं, दुकानांच्या दर्शनी काचा, आरसे, सगळं करायचा. बाजारात त्याला खऱ्या नावाने हाक मारली तर तो स्वतःच वळून पाहायचा नाही. सगळे त्याला रेडिओ म्हणत. सकाळी शटर वर गेलं की सुरू, संध्याकाळी खाली आलं की बंद. बायकोचं म्हणणं, तेव्हाही बंद होत नाही, नुसता आवाज बारीक होतो. खिडकीचं माप सांगायला आलेलं गिऱ्हाईक रेडिओच्या चुलतभावाच्या लग्नातला घोटाळा पोट धरून ऐकायचं, घरी जायचं आणि माप सांगायचं राहिलं म्हणून परत यायचं. काच कापताना तेवढा तो श्वास धरायचा. हिऱ्याची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, खालून हलकी टिचकी बसली, काच सुटली, की वाक्य जिथे ठेवलं होतं तिथूनच पुढे.

त्याची पिकअप जुनी होती, पण काचेला तिच्याइतकं जपणारी गाडी त्याला दुसरी माहीत नव्हती. गेले काही महिने मात्र तिचं काहीतरी बिनसलं होतं. गरम झाली की भररस्त्यात मान टाकायची, आणि थंड झाली की जसं काही घडलंच नाही अशा थाटात सुरू व्हायची. मेकॅनिकने पंप बदलला, प्लग बदलले, शेवटी पेट्रोल पंपवाल्याला शिव्या घातल्या. मेव्हणीचं गल्लीच्या टोकाला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. तिने गाडी जागच्या जागी चालू ठेवून चांगली तापवली, स्कॅनर जोडला आणि वाट बघत बसली. इंजिनाने मान टाकली त्याच क्षणी स्कॅनरलाही उत्तर मिळेनासं झालं.

"दाजी, इंजिन ठणठणीत आहे. डोकं गेलंय."

डोकं म्हणजे बॅटरीशेजारी बसवलेली एक चपटी डबी, इंजिनाचा कॉम्प्युटर. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा टाकायची, हे तिनेच सांगायचं. आणि तापली की तिची वाचाच बसायची. मेव्हणीने भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून नंबराला नंबर जुळणारी दुसरी डबी मिळवली, आज सकाळी बॅटरी सोडवून ती बसवली आणि मोठ्या ऐटीत म्हणाली, "मारा सेल्फ." गाडी सुरू झाली. दोघं हसली. हसू ओठांवर असतानाच गाडी बंद पडली.

चूक मेव्हणीची होती, आणि ती तिने मान्यही केली, अर्ध्या आवाजात. ही डबी आधी दुसऱ्याच कुठल्या गाडीत होती. तिला ओळख होती ती त्या गाडीच्या चावीची.

"म्हणजे तिच्या लेखी मी चोर?"

"सध्या, हो."

"इतकी वर्षं चालवतोय मी."

"गाडी ओळखते हो तुम्हाला. डोकं नवीन आहे. त्याला ओळख करून द्यावी लागणार."

ओळख करून द्यायची रीत सोपी होती. इंजिन फिरवायचं नाही, फक्त चावी चालूवर ठेवायची. समोर लाल दिवा लागतो आणि बऱ्याच वेळाने आपला आपण विझतो. मग चावी बंद करून पुन्हा चालू. असं तीनदा, सगळं मिळून अर्धा तास. मध्ये चावी हलली की पहिल्यापासून. मेव्हणी स्वतःच बसली असती, पण चावीचं कुलूप झिजलेलं. सेल्फ मारून इंजिन फिरलं की चावी आपली घट्ट बसे, पण नुसती चालूवर ठेवायची तर अंगठ्याने वरच्या अंगाला रेटून धरली तरच दिवा लागे, आणि नेमकी किती रेटायची ते त्याच्या अंगठ्यालाच ठाऊक. मेव्हणीने धरून पाहिली तर दिव्याने डोळासुद्धा उघडला नाही.

आणि आजच सुरू होणं भाग होतं. रेडिओने बायकोला शब्द दिला होता: आज गाडी धड सुरू झाली नाही तर ती विकायची आणि बायकोच्या मावसभावाच्या खिडक्यांच्या शोरूममध्ये कामाला लागायचं. तो एकदा तिथे जाऊन आला होता. गारेगार हवा, फिरती खुर्ची, आणि गिऱ्हाईक आलं की काय बोलायचं ते आधीच ठरवून दिलेलं.

"तुम्हाला तर बोलायचाच पगार मिळेल," मेव्हणी तेव्हा म्हणाली होती.

"दुसऱ्याचं बोलायचा," तो म्हणाला होता.

काच स्वतः कापायची, स्वतः वाहून न्यायची, चौकटीत बसवून झाली की रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं आणि तिच्यात आभाळ सरळ दिसतंय का ते पाहायचं. हे सोडायचं म्हणजे त्याच्याजवळ सांगायला काय उरणार होतं?

त्याने चावी रेटली. दिवा लागला. त्याने ओठ मिटले.

पहिला दिवा विझेपर्यंत त्याला तीन गोष्टी आठवल्या, त्यातली एक तर फारच चांगली होती. दुसरा लागला तेव्हा काचेच्या दुकानातून बायको बाहेर अंगणात आली.

"अहो, बेकरीवाल्याचा फोन होता. काच कधी आणताय विचारतोय."

रेडिओ समोर बघत राहिला.

"अहो?" ती खिडकीजवळ आली. "अहो, बरं वाटतंय ना? हे असे का बसलेत गं?"

"ताई, त्यांना बोलता येत नाहीये," बॉनेटमागून मेव्हणी म्हणाली.

"अगं बाई. कधीपासून?"

"दिवा विझेपर्यंत. बोलले की चावी हलते."

"ऐकू येतं ना पण?"

"ऐकू येतं."

बायकोने नवऱ्याकडे नीट पाहिलं. मग पदराला हात पुसले आणि खिडकीत दोन्ही कोपरं टेकली. "मग बरं," ती म्हणाली.

सुरुवात तिने न्हाणीघराच्या आरशापासून केली. जगाचे आरसे लावतो आणि घरचा अजून तडकलेला. रेडिओकडे याला तीन उत्तरं तयार होती. अंगठा थरथरला. त्याने ती गिळली. मग माहेरी गेल्यावर ती सांगत असलेली गोष्ट मध्येच ओढून घेऊन शेवट स्वतः सांगण्याची त्याची सवय निघाली. मेव्हणी बॉनेटमागे खुदखुदत होती. दुसरा दिवा विझला, त्याने चावी मागेपुढे केली, तिसरा लागला.

"आणि ही गाडी," बायको म्हणाली आणि सवयीने थांबली. कोणी मध्ये बोललं नाही. तिलाच नवल वाटलं. आवाज जरा खाली आला.

"गाडी एवढं म्हटलं की पुढचं तुम्हीच बोलता. माझ्या वाटचंही. पुलाच्या चढावर बंद पडली होती, आठवतं? मागून ट्रक कसा आला, काचा कशा खणाणल्या, केवढं रंगवून सांगितलंत. सगळे हसले. मीही हसले. मग आत जाऊन उगाच घडी घातलेले कपडे मोडून परत घड्या घालत बसले, कारण हात थांबत नव्हते."

रेडिओच्या डोक्यात त्या ट्रकवाल्याची नक्कल तयार होती. ती तिथेच विरघळली.

"निघालो म्हणून सांगता. पोचलो म्हणून कधी सांगत नाही. गावभर बोलत फिरता आणि माझ्यासाठी तो एक शब्द नसतो. मला ते शोरूम नको आणि ती फिरती खुर्चीही नको. गाडी वाटेत बंद पडणार नाही एवढं या माझ्या बहिणीने मला सांगावं, आणि पोचलो एवढं तुम्ही सांगा. झालं माझं बोलून."

तिने कोपरं काढून घेतली. तिचा चेहरा ओझं उतरवल्यासारखा दिसत होता. त्याचा अंगठा पांढरा पडला होता. बराच वेळ तिघंही त्या दिव्याकडे बघत होती, आणि तो विझला.

"फिरवा," मेव्हणी म्हणाली.

गाडी सुरू झाली. या वेळी कोणी हसलं नाही. मेव्हणीने ती चांगली तापू दिली, पंखा फिरायला लागला, तिने नव्या डबीला वरून पान्याने टकटक करून पाहिलं, वायरी हलवून पाहिल्या. इंजिन एका सुरात चालत राहिलं.

"मान टाकायची असती तर एव्हाना टाकली असती," ती ताईकडे बघून म्हणाली. "वाटेत नाही पडणार ही बंद. मी सांगते."

रेडिओ खाली उतरला. दोघी बहिणी त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आता बांध फुटणार. त्याने अंगठा चोळला, घसा खाकरला.

"बेकरी काही लांब नाही," तो म्हणाला. "पोचलो की फोन करतो."

"एवढंच?" मेव्हणी म्हणाली. "दाजी, बोलायला परवानगी आहे आता."

त्याने मेव्हणीला हाताने दुकानात बोलावलं. दोघांनी मिळून बेकरीची काच उचलली, गाडीच्या कुशीला उभी केली, पट्टे आवळले. मग तो बायकोजवळ गेला.

"तुझ्या मावसभावाला काय कळवू?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि फाटकातून बाहेर पडली. गल्लीच्या मधोमध उभी राहिली, येणाऱ्या स्कूटरवाल्याला हात दाखवून थांबवलं आणि दुसऱ्या हाताने गाडी मागे घ्यायची खूण केली.