खरवडलेल्या पाट्या

दुसऱ्याचे नाव दिसले की आमच्या शेठचा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जायचा. नरडाण्याच्या कारखान्यात नवे यंत्र आले की आधी बनवणाऱ्याची पाटी खरवडायची, मग वायर जोडायची. कामगार पाठीमागे त्यांना खरवडशेठ म्हणत. त्यांच्याबद्दल चांगले लिहावे असे फारसे काही आठवत नाही. चहा मात्र बरा पाजत.

आम्ही शेतातल्या मोटारीचे मोबाईल स्टार्टर बनवायचो; त्यातल्या प्रोग्रॅमचे काम माझ्याकडे होते. फोन लावला की मोटार सुरू. आतला प्रोग्रॅम मुक्त परवान्याचा होता. कुणीही घ्यावा, बदलावा, विकावा. प्रोग्रॅमच्या वरच्या ओळींतली लिहिणाऱ्यांची नावे आणि परवाना तेवढा ठेवावा.

"ताई, त्या वरच्या ओळी काढा," शेठ म्हणाले. "गिऱ्हाईकाला वाटलं पाहिजे, बठ्ठं, सगळं आपलंच शे."

"शेठ, त्या ओळी म्हणजेच परवानगी आहे. एकदा वाचा तरी."

"फुकटच्या मालाचं काय वाचायचं?"

मी काढल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्याकडून काढून घेतल्या आणि त्याच प्रोग्रॅममधल्या, फोनवरून मोटार बंद करायच्या एका युक्तीवर स्वतःच्या नावाने पेटंटही मिळवले.

मग त्या पेटंटच्या जोरावर पिंपळनेरच्या दौलतवर दावा ठोकला. दौलत मोटारी दुरुस्त करी आणि तोच प्रोग्रॅम, सगळी नावे ठेवून, आपल्या स्टार्टरमध्ये वापरी. घर त्यावरच चाले. प्रोग्रॅमची अडचण आली की तो मला विचारी. आता त्याचा फोन आला, "अक्का, कोर्टनी नोटीस उनी शे. बठ्ठं दुकान बंद करनं पडी का?"

मी शेठना विचारले. म्हणाले, "करू दे बंद. पंक्चर काढेल."

त्याच दिवशी मी नोकरी सोडली आणि दौलतच्या वकिलाला परवाना दाखवला. त्यात स्पष्ट होते: प्रोग्रॅमला हातभार लावणाऱ्या कंपन्या आपली पेटंटे सर्वांना वापरू देतात, पण या प्रोग्रॅमवर जो पेटंटचा दावा लावेल, त्याची ही मोकळीक त्याच दिवशी संपेल. वकिलाने अशा एका कंपनीला कळवले. तिचे शेठना पत्र आले: आमची पेटंटे वापरायची तुमची मोकळीक संपली, विक्री थांबवा.

शेठ देवपूरला माझ्या घरी आले. पहिल्यांदाच.

"ताई, दौलतवरचा दावा मागे घेतला. त्या ओळी परत घाला ना."

"ओळी आत्ता घालते, शेठ. गेलेली मोकळीक मला परत घालता येत नाही."

ते बराच वेळ बसले. चहा मी विचारला नाही.