ओल्या आभाळावरची बोटं

बबन गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिंचवडला कंपनीच्या बसची वाट बघत होतो. सकाळी छातीत कळ आली, उठला, भिंतीचा आधार घ्यायला गेला आणि कोसळला, एवढंच त्याच्या भावानं सांगितलं. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला आणि मी जागचा हललो नाही. खरं सांगायचं तर मला राग आला होता. आदल्या रविवारी दिवेआगरहून परतताना हाच माणूस "पुढच्या खेपेला पहाटे निघू, राव" म्हणाला होता, आणि आता असा न सांगता निघून गेला...

चाकणच्या कारखान्यात आम्ही दोघं पेंट शॉपला. तो गाड्यांच्या बॉडीवर रंग मारायचा, मी शेवटच्या तपासणीत टचअप करायचो. धुळीचा कण असो की केसाएवढा ओरखडा, काही म्हणजे काही सोडायचं नाही ही माझी नोकरी. बबन लातूरकडचा, पाण्याचा टँकर दिसला तरी हरखणारा. चाळिशीत पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि पिसाटला. तैलरंग, कॅनव्हास, घडीचं स्टँड, सगळं बाइकला बांधून सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी घाटातून थेट किनाऱ्यावर. मला सोबत न्यायचा ते वाऱ्यात स्टँड धरायला. फोटो काढ आणि घरी बसून रंगव, म्हटलं की चिडायचा. "फोटोतलं आभाळ मेलेलं असतंय. हे बघ कसं पळायलंय!" आणि खरंच, करडा रंग कालवेपर्यंत ढग गुलाबी झालेला असायचा. मग शिव्या, मग पुन्हा रंग. वाऱ्यानं वाळू उडून ओल्या रंगात बसायची. मी सवयीनं टाचणी काढून ती उचलायला गेलो की हा ओरडायचा, "हात लावू नको! ती तिथलीच हाय."

धीर मात्र त्याच्याकडे औषधालाही नव्हता. तैलरंग वाळायला आठवडे लागतात, आणि आमच्या लाइनीत रंग भट्टीत भाजला की पक्का. तेव्हा या पठ्ठ्यानं आपलं पहिलंच चित्र ओळखीच्या गॅरेजमधल्या भट्टीत ठेवलं. बाहेर काढलं तर सगळा समुद्र दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला. मी हसून बेजार, तो माझ्याशी बोलेना. त्यानंतर त्याची चित्रं घरच्या भिंतीवर निमूट वाळू लागली.

त्या रविवारचं चित्रही तसंच ओलं टांगलेलं होतं. तेराव्याला वहिनी, म्हणजे बबनची बायको, मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. चित्रातल्या आभाळात चार बोटं ओढली गेली होती, ढगांपासून खाली पाण्यापर्यंत. आधारासाठी त्यानं हात टेकला तो तिथेच.

"भावजी, तेवढं पुसून टाका," वहिनी म्हणाल्या. "ह्या खोलीत पाय टाकला की ते पडायलेत, असंच दिसतंय मला."

माझ्यासाठी चुटकीसरशी होणारं काम. पण रंग ओला आहे तोवरच ते बेमालूम होणार, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? तरी मी आज उजेड नाही, उद्या ब्रश आणतो, अशी टोलवाटोलवी करत राहिलो. कामात लक्ष लागेना. बॉडीवरचा ओरखडा घासताना हात मध्येच थांबू लागला. पुसलं तर वहिनींना चैन पडेल, पण त्याच्या हातचं ते शेवटचं... शेवटी वहिनींनीच सुनावलं, "तुमाला करायचंच न्हाई."

मग गेलो. त्याच्याच ट्यूबमधला करडा रंग काढला. ब्रश आभाळाला टेकवणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "पुसलं की गेलंच ना?"

"गेलंच, वहिनी."

दाराची कडी सोडून त्या दोन पावलं आत आल्या. "मग नका पुसू. पण हितं बी नका ठेवू. तुमच्या घरी न्या."

रिक्षात ते मांडीवर आडवं धरून आणलं. आता ते माझ्या बैठकीत आहे. कामावरून आलो की समोर बसतो आणि हात शिवशिवतो. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढंच शिकलेला हात. मी तो मांडीखाली दाबून बसतो. मला बबनची आठवण येते, फार येते.

परवा त्या रेघांवर हळूच बोट टेकवून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही. रंग वाळलाय. आता ती बोटं कुणालाच पुसता यायची नाहीत. वहिनींना फोन करून एवढंच कळवलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "येते रविवारी बघायला."